मदत हवी आहे: सव्वाशे मुलांच्या वर्गात शिकवलेलं कळलंय का, हे तासातच कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

मी मुंबईतल्या एका कॉलेजात एसवाय बीकॉमला अर्थशास्त्र शिकवते. पटावर सव्वाशेच्या आसपास मुलं. पहिलं लेक्चर सकाळी सव्वासातचं, त्यामुळे विरार-बदलापूरची मुलं पहाटेची लोकल पकडून येतात आणि त्यातली बरीचशी दुपारी कामावर जातात. घरी पुस्तक उघडायला त्यांना वेळ कुठला? वर्गातला तास हाच त्यांचा अभ्यास, तो वाया जाऊ नये ही माझी तळमळ.

"समजलं का?" विचारलं की पुढच्या दोन बाकांवरून "हो मॅडम" येतं, बाकीचा वर्ग गप्प. काय डोक्यावरून गेलं ते इंटर्नलचे पेपर तपासताना कळतं, तोवर आम्ही दोन प्रकरणं पुढे गेलेलो असतो. मला मार्कांसाठी नको, त्याच तासात कळायला हवंय.

सध्या चिठ्ठ्या वापरते. शेवटची पाच मिनिटं, अर्धा कागद, नाव लिहायचं नाही, भाषा कुठलीही. प्रश्न एकच: आज सगळ्यात जास्त गोंधळ कुठे झाला? (हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर 1980च्या दशकात हेच विचारत.) एका चिठ्ठीत आलं, "वडापाव महाग झाला तर गिऱ्हाईक कमी होणार, मग गाडीवाल्याचा गल्ला वाढेल कसा?" लवचिकतेची (किंमत बदलली की मागणी किती बदलते, त्याची) व्याख्या सगळ्यांना पाठ होती, पण गाडं इथे अडलं होतं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडलं: किंमत 15 वरून 18, खप 200 वरून 180. गल्ला 3000 वरून 3240. किंमत 20 टक्के वाढली, खप 10 टक्केच घटला. मागच्या बाकांवरून पहिल्यांदाच उलट प्रश्न आले! पण रोज सव्वाशे चिठ्ठ्या वाचणं होत नाही.

मोबाइलवरचे प्रकारही पाहिले. आमचा वर्ग तळमजल्यावर मागच्या बाजूला, तिथे रेंज जेमतेम. गूगल फॉर्म अर्ध्यांचा उघडतो, अर्ध्यांचा फिरत राहतो. काहूट हा मोबाइलवरचा प्रश्नमंजुषेचा खेळ मुलांना आवडतो, पण त्यात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण. मराठी माध्यमातून आलेल्या मुली इंग्रजी प्रश्न वाचेपर्यंत वेळ संपतो. मला नेमकं त्यांचंच उत्तर हवं असतं.

तर एवढ्या मोठ्या वर्गात तुम्ही काय करता? फोन नसताना चालेल असं काही आहे का?

प्रतिसाद

मॅडम, चिठ्ठ्या बंद करू नका. गठ्ठ्यातून न बघता वीस-पंचवीस काढा, त्यातच वर्गाचा अंदाज येतो.

मी डोंबिवलीला फिजिक्स शिकवतो. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी 1991पासून हार्वर्डमध्ये वापरलेली पद्धत मी घेतली आहे. एक प्रश्न, चार पर्याय. आधी प्रत्येकानं एकट्यानं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर. पहिल्या फेरीत साधारण 30 ते 70 टक्के बरोबर आले तर चर्चेला अर्थ. त्याहून कमी आले तर पुन्हा शिकवायचं, जास्त आले तर पुढे जायचं. यंत्र लागत नाही, छातीजवळ बोटं धरून पर्याय दाखवला तरी चालतं, शेजाऱ्याला दिसत नाही. क्लिकर (बटण दाबून उत्तर द्यायचं छोटं यंत्र) आणि कागदी कार्ड यांची तुलना कॅनडातल्या एका कॉलेजात झाली होती, 2008 साली छापून आली. मुलं शिकली दोन्हीकडे सारखीच.

मोजणी हवी असेल तर प्लिकर्स बघा. मुलांच्या हातात छापील कार्ड, फोन फक्त तुमचा, त्याच्या कॅमेऱ्यानं कार्डं वाचायची. मोठा संच 63 कार्डांचा, म्हणजे तुमच्याकडे दोघांत एक.

धागाकर्ती

सर, मनापासून आभार. पहिली फेरी बोटांची, चर्चेनंतरची दोघांत एका कार्डाची, असं उद्यापासून करते. दुसऱ्या फेरीत हुशार मूल कार्ड धरेल आणि दुसरं नुसतं बघत बसेल, याची काळजी वाटते. यावर कोणी काही करत असेल तर जरूर सांगा.

आणि कॉमर्सच्या विषयांचे असे प्रश्न कोणाकडे असतील तर इथेच टाका. पर्याय मराठीतही द्या. माझा पहिला हा घ्या:

मागणी वक्र सरळ रेषा आहे. त्यावर किंमत लवचिकता कशी असेल?
(अ) सगळीकडे सारखी, कारण उतार सारखा
(ब) वरच्या भागात जास्त, खाली कमी
(क) वरच्या भागात कमी, खाली जास्त
(ड) सगळीकडे 1 इतकी