काळ्यातला काळा

‘सगळं काळंच, तर बघायचं काय? डबा ओतला की झालं चित्र’ असं पूर्ण काळ्या चित्रांबद्दल म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. मोबाईलवरच्या फोटोत ही चित्रं मरतात, हे मात्र खरं. अमेरिकन चित्रकार ॲड राइनहार्टची १९६० नंतरची पाच फुटी चौरस चित्रं घ्या. प्रत्येकात नऊ चौकोन असतात, कुठे तांबूस काळा, कुठे निळसर, कुठे हिरवट. रंगातलं तेल काढून त्याने चमक घालवली, त्यामुळे डोळा सरावेपर्यंत काहीच दिसत नाही आणि मग हळूहळू चौकोन वर येतात.

सोलापूरकराला हे नवं वाटू नये. मी इथे सूत रंगवण्याच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली आहेत. काळ्याचा लॉट, म्हणजे एका वेळी रंगवलेलं सूत, दुसऱ्या लॉटशी जुळवणं सगळ्यात जिकिरीचं. ट्यूबलाइटखाली दोन लडी सारख्याच दिसायच्या, दारात उन्हात धरल्या की एक तांबूस, एक निळसर. एकदा घाईत दोन लॉटचं सूत एकाच बीमवर, म्हणजे मागाच्या उभ्या धाग्यांच्या रुळावर, गेलं आणि सगळ्या चादरींवर उभा पट्टा उठला. शिवाय रंग एकच असला तरी विणीत उभा धागा वर आला तर उजेड एका तऱ्हेने परततो, आडवा वर आला तर दुसऱ्या. फ्रेंच चित्रकार पिअर सुलाज १९७९ पासून जाड काळ्या रंगात खाचा ओढून नेमकं हेच करत होता. त्याच्या चित्रासमोरून दोन पावलं सरका, मघाशी काळी असलेली पट्टी रुपेरी होते.