आत्म्याबद्दल एकमत नाहीये
असं म्हटलं जातं की मन जड (म्हणजे अचेतन) आणि आत्मा शुद्ध चैतन्य, यावर सगळी भारतीय दर्शनं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या परंपरा, एक आहेत. मन जड इथपर्यंत ठीक, सांख्य दर्शनात तर बुद्धी आणि अहंकारही प्रकृतीतच, म्हणजे जड मूलतत्त्वातच, येतात, पण आत्म्याचं तसं नाहीये. न्याय आणि वैशेषिक या जोडीच्या दर्शनांचे लोक म्हणतात ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे, स्वरूप नाही, आणि मनाशी संयोग झाला तरच तो गुण उपजतो, त्यामुळे मोक्षात दुःखासोबत सुख आणि जाणीवही संपते. असला दगडासारखा मोक्ष कुणाला हवा, अशी टीका त्यांच्यावर भरपूर झाली.

पण मनाबद्दलचा त्यांचा युक्तिवाद मला फार म्हणजे फारच आवडतो. न्यायसूत्रात, म्हणजे न्याय दर्शनाच्या मूळ ग्रंथात (१.१.१६), मन आहे याची खूण काय दिलीये, तर एकाच वेळी अनेक ज्ञानं होत नाहीत. पुस्तकात गढलेल्या माणसाला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, कान तर उघडेच असतात, मग इंद्रिय आणि आत्मा यांच्यामध्ये अजून काहीतरी लागतं जे एका वेळी एकाच इंद्रियाला जोडलं जातं, आणि म्हणूनच ते अणुएवढं मानलं. भाट्ट मीमांसकांना (मीमांसा दर्शनातल्या कुमारिल भट्टाच्या अनुयायांना) हे पटलं नाही, ते मन विभु, म्हणजे सर्वव्यापी, मानतात, तो वादही वाचण्यासारखा आहे.