मालिकेतलं आपलं माणूस अचानक बदलतं तेव्हा

अबोली
काल चॅनेल फिरवताना एका जुन्या मालिकेचं शीर्षकगीत लागलं आणि हात तिथेच थांबला. आजी आठवली. शेवटची काही वर्षं तिला फारसं दिसायचं नाही, मालिका ती ऐकायची. खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ, मान थोडी तिरकी. नायिकेने नुसता श्वास ओढला तरी म्हणायची, "आता रडणार बघ." आणि एका सोमवारी नायिकाच बदलली. खाली पट्टी फिरत होती, पण ती आजीला कशी दिसणार? घर तेच, सासू त्याच नावाने हाक मारतेय. आजी म्हणाली, "ही कोण बोलतेय गं? हिला का सगळे तिच्या नावाने बोलावतात?" मी समजावलं. आठवडाभर ऐकलं तिने, मग त्या वेळेला आत जाऊन पडायला लागली. नवीन मुलगी वाईट नव्हती हो, मनापासून करत होती. पण आजीचं रोज भेटणारं माणूस गेलं होतं.
तुमचंही कोणी असं गेलंय का? लिहा ना.

निवांत
आजींचं वाचून गलबललं.
आमच्याकडे मिहीर, क्योंकि सास भी या हिंदी मालिकेचा नायक. २००१ ला मालिकेत तो मेला (काम अमर उपाध्यायचं) तेव्हा आई दोन दिवस गप्प होती. लोकांनी एवढा आकांत केला की त्याला परत आणावं लागलं, पुढे मिहीर म्हणून रोनित रॉय आला, त्यालाही आईने हळूहळू आपलं म्हटलं. पण २००७ मध्ये नायिका तुलसी, म्हणजे स्मृती इराणीच बदलल्या तेव्हा म्हणाली आता बास. त्या परत आल्या तोवर आईची सवय सुटली होती.

घाईत_आहे
माझ्या नवऱ्याची बायको मधली शनाया!! आधी रसिका सुनील मग ईशा केसकर मग परत रसिका. ईशाची सवय व्हायला किती दिवस गेले आणि झाली तर तीच गेली. कुकर लावलाय नंतर लिहिते

पिंपळपान
मला चेहऱ्याचं एवढं नाही, गोष्ट भरकटली की जीव तुटतो. एक मालिका होती, नायिका लग्नानंतर पंधरा वर्षांनी परत कॉलेजात जाते. तिच्या पहिल्या पेपरचा एपिसोड अजून डोळ्यासमोर आहे, पेन उघडते, हात थरथरतो, टोपण घरंगळत पुढच्या बाकाखाली जातं, संवाद जवळजवळ नाहीच. मी पण तेव्हा राहिलेलं शेवटचं वर्ष देत होते त्यामुळे तो हात माझाच वाटला. आणि मग लीप! सात वर्षं पुढे, अपहरण काय, हमशकल काय. तिचा निकाल काय लागला ते कुणी सांगितलंच नाही.

अबोली
ताई, आणि तुमचा?

पिंपळपान
फर्स्ट क्लास 😊

निवांत
अभिनंदन ताई, उशिरा का होईना!

कोरी_वही
लेखकांच्या बाजूने थोडं. माझी मामेबहीण एका मालिकेचे संवाद लिहायची. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे यायचे आणि त्या रात्री ती जेवायची नाही नीट. आकडा पडला की ठरलेला ट्रॅक गुंडाळायचा, रात्रीत नवीन सीन, सकाळी त्याचं शूट. चांगलं लिहिलेलं स्वतःच्या हाताने खोडताना रडलेली पाहिलीय मी तिला.

पिंपळपान
हे माहीतच नव्हतं. तिला सांगा, तो पेपरचा सीन ज्याने लिहिला त्याला मी विसरले नाहीये.

दूरचा
डॉक्टर हू या ब्रिटिश मालिकेत नायक झालेल्या विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना तेव्हा १९६६ ला मालिकावाल्यांनी गोष्टीतच सोय केली, नायकाचं शरीरच बदलतं आणि तो पॅट्रिक ट्राउटन होतो. तीच पुढे मालिकेची ओळख झाली. म्हणजे माणूस बदला, पण आम्हाला विश्वासात घेऊन. निरोपाचा एक सीन तरी द्या हो, पट्टी काय फिरवता!

घाईत_आहे
आले. तारक मेहता मधली दयाबेन २०१७ ला रजेवर गेली तेव्हा माझा मुलगा रांगत होता, आता माझ्या खांद्याला लागलाय. त्याने तिला फक्त जुन्या एपिसोडमध्ये पाहिलंय तरी विचारतो कधी येणार.
अबोली, आजी मग त्या वेळेला नुसत्या पडून राहायच्या का गं?

अबोली
थोडे दिवस. मग बाबांनी उशाशी रेडिओ ठेवला. निवेदिका रजेवर असली तर पहिल्या वाक्याला ओळखायची. ती परत आली की मला हाक मारून सांगायची, "आली गं."