शब्दचर्चा: खेळाडू 'मूग गिळून' बसतात की मौन पाळतात?

माझा भाचा ऐरोलीला आयटीत आहे, क्लायंट अमेरिकेतला, त्या लोकांच्या नादाने याला बेसबॉलचं वेड लागलंय. परवा त्याने एक वाक्य पाठवलं, "मामा, हे मराठी बरोबर आहे का बघ ना." वाक्य असं होतं, "मालकांशी बोलणी चालू आहेत आणि खेळाडू मूग गिळून बसलेत." बेसबॉलमध्ये क्लबचे मालक आणि खेळाडूंची युनियन यांच्यातला आत्ताचा करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे, त्यानंतर काय यावर त्याच्या ऑफिसात चर्चा चालते आणि त्याला प्रश्न असा पडला की एरवी प्रत्येक गोष्टीवर बोलणारे हे खेळाडू पगाराची वेळ आली की गप्प कसे होतात.

व्याकरणात चूक नाही, पण मला ते वाक्य खटकलं आणि दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहितोय.

मूग कोण गिळतो? ज्याने बोलायला हवं होतं आणि जो भीतीने, सोयीने किंवा लाचारीने बोलला नाही तो. त्यात दोष येतोच. सासू सुनेला बोलत होती आणि मुलगा मूग गिळून बसला, हे वाक्य वाचलं की मुलाबद्दल आपलं मत झालेलंच असतं. पण करार चालू असताना युनियनचे मेंबर बाहेर बोलत नाहीत तेव्हा त्यांनी काय गिळलेलं असतं? काहीच नाही, त्यांनी आपलं बोलणं एका माणसाच्या हातात दिलेलं असतं.

मला हे कळतं कारण मी ते घरात बघितलंय. आमचे बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटला एका कारखान्यात होते, नाव लिहीत नाही, आता तिथे काचेची बिल्डिंग आहे. ८० च्या दशकात तिथे टाळेबंदी झाली, गेटला कुलूप, बाहेर मंडप, रोज सकाळी गेट मीटिंग. कमिटीचे पाच जण आत जाऊन बोलायचे, बाकी सगळे बाहेर. बाबा घरी आले की आई विचारायची "काय झालं आज?" आणि बाबा म्हणायचे "आत बोलतायत", बस, एवढंच. आईला राग यायचा, घरातले पैसे संपत आलेले, आणि हा माणूस घरातसुद्धा तोंड उघडत नाही. मग एकदा त्यांच्यातलाच एकजण टपरीवर मॅनेजरच्या ड्रायव्हरला बोलून गेला की आमच्यातले बरेच जण कमी वाढीवर पण आत यायला तयार आहेत. दुसऱ्या दिवशी कंपनीने आपला आकडा खाली आणला. बाबा त्या माणसाबद्दल आयुष्यभर एकच शब्द वापरायचे, "तो फुटला."

तेव्हा भाच्याला मी सुचवलं, "खेळाडूंनी मौन पाळलंय." तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद (वाशी): मौन म्हटलं की मला पेपरातलं "मंत्र्यांनी मौन बाळगले" आठवतं, तेही दोषाचंच झालं ना? अळीमिळी गुपचिळी कसं वाटतं, सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं ठरवलंय म्हणून?

ताई, मंत्र्यांचं उदाहरण फार छान दिलंत, त्यावरूनच लक्षात आलं की नाम तेच असलं तरी क्रियापद बदललं की रंग बदलतो. आपण भीती बाळगतो, राग बाळगतो, शस्त्र बाळगतो, म्हणजे बाळगण्यात काहीतरी जवळ ठेवलेलं, बहुतेक लपवलेलं असतं. म्हणून मौन बाळगलं की संशय येतो. पाळतो काय? शब्द पाळतो, पथ्य पाळतो, शिस्त पाळतो. खेळाडूंचं मौन पथ्यासारखं आहे, ठराविक दिवसांचं, ठराविक कारणासाठी, म्हणून "पाळलंय". अळीमिळी गुपचिळीत सगळ्यांचं मिळून ठरलेलं असतं हे बरोबर बसतं पण त्यात कोणीतरी बरणीतला लाडू खाल्लेला असतो हो, काहीतरी लपवायचं असतं. इथे लपवायचं काय, मागण्या तर मालकांच्या टेबलावर कागदावर पडलेल्या असतात. आणि अबोला तर अजिबात नको, अबोला ज्याच्याशी धरायचा त्याच्याशीच बोलायचं नसतं, इथे त्याच्याशीच तर बोलणी चालू आहेत.

"बोलणी" हा शब्द पण बघा. लग्नाची बोलणी असतात तेव्हा कोण बोलतं? मामा, काका, आत्याचे यजमान. ज्यांना संसार करायचाय ती दोघं पोह्याच्या बशीकडे बघत बसलेली असतात. निदान आमच्या वेळी तरी असंच होतं. पण त्या दोघांना कोणी विचारलेलं नसतं आणि युनियनमध्ये मत देऊनच माणूस आत पाठवलेला असतो, हा फरक मला फार मोठा वाटतो.

प्रतिसाद (कोपरी, ठाणे पूर्व): सगळं पटलं पण करोडो डॉलर कमावणाऱ्यांना तुम्ही वागळे इस्टेटच्या कामगाराच्या ओळीत बसवताय. आणि टाळेबंदी म्हणजे तर कोविडमधली ना?

टाळेबंदीचं आधी सांगतो. २०२० मध्ये पेपरवाल्यांनी लॉकडाउनला टाळेबंदी म्हटलं आणि जुना अर्थ पार पुसला गेला, माझ्या भाच्यालाही तोच एक माहीत. ठाणे-बेलापूर रोडवर ज्यांनी नोकरी केली त्यांना विचारा, टाळेबंदी म्हणजे मालकाने लावलेलं कुलूप. कामगार काम थांबवतो तो संप, मालक गेट बंद करतो ती टाळेबंदी. बेसबॉलमध्ये १२ ऑगस्ट १९९४ ला सुरू झाला तो संप होता, त्यात वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाची फायनलच रद्द झाली. २ डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२ मात्र टाळेबंदी होती, ९९ दिवसांची. त्यालाही "खेळाडूंचा संप" म्हटलं की कुलूप कोणी लावलं ते उलटं होऊन जातं, हे मला भाषेपेक्षा न्यायाच्या दृष्टीने जास्त खुपतं.

त्या २०२१ च्या टाळेबंदीत एक झालं. लीगने आपल्या वेबसाइटवरून खेळाडूंचे फोटो काढले आणि त्या जागी कोरी सावलीसारखी आकृती लावली. तर खेळाडूंनी तीच आकृती स्वतःच्या ट्विटरवर फोटोच्या जागी लावायला सुरुवात केली. एक शब्द न लिहिता सगळे एकसारखे दिसायला लागले. याला मूग गिळणं म्हणाल?

आता करोडोंचं. टीव्हीवर दिसणारे चार जण सोडा, करार असतो तो बाकावर बसणाऱ्याचा आणि पहिल्या वर्षाच्या पोराचा. मार्विन मिलर १९६६ मध्ये बेसबॉलच्या युनियनचं काम बघायला आला तेव्हा कमीत कमी पगार वर्षाला ६,००० डॉलर होता, १९६८ च्या पहिल्या करारात तो १०,००० झाला. स्टार खेळाडूचं गप्प बसणं त्या शेवटच्या माणसासाठी असतं, कारण स्टार जर म्हणाला "मला तर खेळायचंय बुवा" तर आतल्या माणसाचं वजन तिथेच संपलं.

मालक पण गप्प असतात बरं का, पण त्यांच्या गप्प बसण्याला मी वेगळा शब्द वापरेन. एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, तिची २०११ ची टाळेबंदी, १ जुलै ते ८ डिसेंबर, त्यात ८२ ऐवजी ६६ मॅचचा सीझन झाला. लीगने मालकांना बाहेर बोलायला मनाई केली होती, मायकल जॉर्डन, एकेकाळचा स्टार खेळाडू, तेव्हा शार्लटच्या टीमचा मालक, तो एका ऑस्ट्रेलियन पेपरशी बोलला म्हणून त्याला १ लाख डॉलर दंड झाला, मायामीच्या मालकाला ट्विटरवरच्या बोलण्यासाठी ५ लाख. हाच जॉर्डन १९९८ च्या टाळेबंदीत खेळाडूंच्या बाजूने बैठकीत होता आणि एका मालकाला तोंडावर म्हणाला होता की टीम चालवणं परवडत नसेल तर विकून टाका. दंडाच्या भीतीने गप्प बसणं म्हणजे मनाई, बोलायला बंदी. मुस्कटदाबी म्हणू नये, तो शब्द दुबळ्यासाठी राखून ठेवावा.

प्रतिसाद (वाशी, परत): मग खेळाडूंसाठी "मूग गिळले" कधीच म्हणायचं नाही का?

म्हणायचं, ताई, आणि जिथे म्हणायचं ती गोष्ट आठवली की आजही वाईट वाटतं. कर्ट फ्लड, सेंट लुईसचा बेसबॉल खेळाडू, वर्षाला ९०,००० डॉलर मिळवणारा. १९६९ मध्ये क्लबने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तेव्हा नियमच असा होता की करार संपला तरी खेळाडू क्लबचाच राहायचा, स्वतःच्या मर्जीने दुसरीकडे जाता यायचं नाही. फ्लडने नकार दिला, कोर्टात गेला, १९७० चा पूर्ण सीझन बसून राहिला. युनियनने पाठिंब्याचा ठराव केला, वकिलाचे पैसे दिले. पण खटला उभा राहिला तेव्हा साक्ष द्यायला त्या वेळी खेळणारा एकही खेळाडू आला नाही. जॅकी रॉबिन्सन आला, हँक ग्रीनबर्ग आला, दोघंही कधीचे रिटायर झालेले. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात फ्लड ५ विरुद्ध ३ ने हरला. पुढे १९७५ च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात लवादाने तो नियम मोडला आणि फायदा सगळ्यांना झाला, त्या न आलेल्यांनाही. त्यांनी मूग गिळले. तिथे त्यांच्या वतीने बोलायला आत कोणी बसलेलं नव्हतं, प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने बोलायची ती वेळ होती.

आपल्याकडे तर याला नीट शब्दही नाही. "खेळाडू संघटना" म्हटलं की लोकांना जिल्हा कबड्डी संघटना वाटते, म्हणजे टीम निवडणारी, जिच्याशी उलट खेळाडूला भांडावं लागतं. २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन निघाली ती रिटायर झालेल्यांची, आज खेळणारे तिच्यात नाहीत. म्हणून मी सरळ "युनियन" लिहितो, वागळे इस्टेटला कोणाला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

आणि बाबांचा तो "फुटला". बातमी फुटते, माणूस फुटतो, दोन्ही वाईट. पण वाचाही फुटतेच की. फ्लडला वाचा फुटली असं मी लिहीन आणि टपरीवरचा तो माणूस फुटला असंही लिहीन. क्रियापद एकच, आणि बाबा असते तर त्यांना हे पटलं असतं का ते मला खरंच सांगता येत नाही.

भाच्याने वाक्य बदललंय, "खेळाडूंनी मौन पाळलंय, आत युनियन बोलतेय." ठाणे-बेलापूर पट्ट्यात किंवा वागळेला काम केलेले कोणी इथे असतील तर तुमच्या गेटवर याला काय म्हणायचे ते लिहा, ती पिढी आता साठीच्या पुढे गेलीय आणि ते शब्द कुठल्या कोशात मिळणार नाहीत.