तेरेखोल महाराष्ट्रात ढकलणारे नकाशे: सोय की चूक?

नकाशेवेडा:
लहान प्रमाणाच्या रोड मॅपवर गोव्याची उत्तर हद्द बरेचदा तेरेखोल नदीतून सरळ समुद्रात नेऊन सोडलेली असते. प्रत्यक्षात तेरेखोलचा किल्ला आणि गाव नदीच्या उत्तर तीरावर आहेत, महाराष्ट्रातल्या रेडीच्या बाजूला. तरी तालुका पेडणे, राज्य गोवा. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी जिंकला आणि हद्द नदीपलीकडे गेली, ती आजही तिथेच आहे. तेरेखोलहून उरलेल्या गोव्यात जायचं तर एक तर केरीची फेरीबोट, नाहीतर महाराष्ट्रातून वळसा. सगळ्या हद्दीवर बघण्यासारखी जागा हीच आणि नेमकी तीच गायब! माझ्या मते ही सरळ चूक आहे.

घाटरस्ता:
असहमत. १ : १०,००,००० च्या नकाशात १ मिमी म्हणजे १ किमी. हद्दीची रेघ अर्धा मिमी धरली तरी तिच्याखाली ५०० मीटर झाकले जातात. नदी, रस्ता, हद्द एकमेकांवर चढू नयेत म्हणून नकाशाकार त्यांना मुद्दाम थोडं सरकवतो. कामच आहे ते त्याचं. रोड मॅपमध्ये फाटा चुकला तर शिव्या घाला, हद्द बघायची तर भूमी अभिलेखवाल्यांकडे जा.

नकाशेवेडा:
मग रेडीहून तेरेखोलला जाऊन गोव्याच्या दरात बाटल्या भरून परतणाऱ्याने उत्पादन शुल्कवाल्यांना काय सांगायचं? ‘साहेब, रेघ ५०० मीटर झाकलेली होती’?
आणि परिणाम बाटल्यांपुरतेच नसतात. २०१० मध्ये निकाराग्वाचं सैन्य कोस्टा रिकाच्या हद्दीत शिरलं, तेव्हा तिथल्या गाळ उपशाचा प्रमुख एदेन पास्तोरा याने गूगल मॅप्सचा दाखला दिला होता. रेघ २.७ किमीपर्यंत चुकल्याचं गूगलनेही मान्य केलं.

घाटरस्ता:
ते निमित्त हो. जायचंच होतं त्यांना. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१५ मध्ये तो भाग कोस्टा रिकाचा ठरवला, तो १८५८ चा करार आणि त्यानंतरचे लवादाचे निवाडे वाचून. गूगलची रेघ कुणी पुरावा म्हणून धरली नाही.

उत्तरबंग_रिटर्न:
दोघांनाही एक विचारते. या ‘गमतीजमतीं’चं एवढं कौतुक कशासाठी? दहाला खग्राबाडी आठवतं? बांगलादेशात भारताचा तुकडा, त्यात बांगलादेशाचा तुकडा, त्यात पुन्हा भारताचं जेमतेम ७,००० चौरस मीटरचं शेत. नेटवर लोक याच्यावर फिदा. पण असे १११ भारतीय तुकडे तिकडे आणि ५१ बांगलादेशी तुकडे इकडे होते. त्या छिटमहालांतल्या माणसांना वीज नाही, शाळा नाही, मत नाही, चोरी झाली तर पोलीस नाहीत. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल झाली, तेव्हा तुमच्यासारख्यांनी ‘जगातला एकमेव तिहेरी तुकडा गेला’ म्हणून हळहळ व्यक्त केली. मला रागच आला होता.

नकाशेवेडा:
ताई, राग रास्त आहे. पण नकाशाने ते तुकडे गाळले असते तर त्या माणसांचे हाल तरी कुणाला दिसले असते? कौतुक आणि नोंद वेगळ्या गोष्टी.
बरं, हे जवळचंच घ्या. दादरा आणि नगर हवेली यांच्यामध्ये गुजरातची पट्टी आहे आणि नगर हवेलीच्या पोटात मघवाळ हे गुजरातचं गाव. बहुतेकदा हे सगळं एकाच रंगात रंगवून मोकळे! याच तुटक रचनेमुळे १९५४ च्या मुक्तिलढ्यानंतर पोर्तुगालला दमणहून आत शिरता येईना. खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९६० चा निकाल असा: नागरिक आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सशस्त्र दलं नेण्याचा नव्हता, आणि भारताने वाट अडवली यात भंग झाला नाही. एकरंगी नकाशा घेऊन हा खटला कळेल का कुणाला?

उत्तरबंग_रिटर्न:
दादऱ्याचं मान्य. पण तो इतिहासाच्या पुस्तकातला नकाशा झाला. आणि नोंदीचं म्हणाल तर छिटमहाल वर्षानुवर्षं नकाशांवर होतेच. वीज आली का?

घाटरस्ता:
ताईंना +१. आता हे इन्सेट मागणार, म्हणजे कोपऱ्यात त्या जागेचा वेगळा मोठा करून काढलेला नकाशा. इन्सेट वाढले की पानं वाढणार, किंमत वाढणार, आणि गिऱ्हाईक कोण? हा एकटा.

नकाशेवेडा:
तेरेखोलला इन्सेट लागतच नाही. नदीच्या मुखाशी रेघ जराशी उत्तरेला वळवायची, बास. सोयीसाठी नदी सरकवता, तर रेघ सरकवायला काय हरकत?