अनुभव धागा: तुमच्याकडे ‘फुटबॉल’ नक्की कशाला म्हणतात, आणि त्यावरून कधी वाजलंय का?

वडापाव_एडिसन:
परवा घरी जे झालं त्यावरून धागा काढतोय. मुलाचा आठवा वाढदिवस होता. बाबा (माझे, सांगलीचे, सध्या सहा महिन्यांच्या मुक्कामावर न्यू जर्सीत) म्हणाले, नातवाचं गिफ्ट मी स्वतः आणणार, तुम्ही कोणी मध्ये पडायचं नाही. नातवाला विचारलं काय पाहिजे, तो म्हणाला फुटबॉल. मी गाडी पार्क करेपर्यंत बाबा दुकानात शिरले, फुटबॉल द्या म्हणाले, त्या पोराने तपकिरी, लांबुळका, शिवण घातलेला बॉल हातात ठेवला. बाबा म्हणाले हा नारळ नको, फुटबॉल दे. तो म्हणतो हाच फुटबॉल. मी आत गेलो तेव्हा काउंटरवर तीन माणसं जमलेली आणि बाबा हवेत पाय मारून दाखवत होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने!

शेवटी गोल बॉल घेऊन विजयी मुद्रेने घरी. पोराने कागद फाडला आणि म्हणाला, “आजोबा, हा तर सॉकर बॉल आहे, मला फुटबॉल पाहिजे होता.” बाबा म्हणाले, “पायाने मारायचा ना? मग फुटबॉल.” पोरगं शांतपणे म्हणालं, “नाही आजोबा, फुटबॉल हाताने खेळतात.” त्यावर बाबांनी माझ्याकडे जे बघितलं ना, माझे संस्कार, माझं शिक्षण, व्हिसा, सगळं फुकट गेल्यासारखं. दोन दिवस आजोबा-नातवात अबोला होता.

तर तुमचे अनुभव लिहा. जगात कुठेही असा. कुठला खेळ खरा फुटबॉल यावर प्रवचन नको, किस्से पाहिजेत. (प्रवचन येणार हे माहीत आहे.)

पेठेतला_गडी:
भावा, बाबांचा विषय हार्ड. आमच्या कोल्हापुरात हा प्रश्नच न्हाई. फुटबॉल म्हंजे शाहू स्टेडियम, उन्हात तापलेली पायरी, हलगी, आन पीटीएम आन खंडोबा ह्या आमच्या दोन तालमींच्या टीमची मॅच असली की दुकानं लवकर बंद. आमची भांडणं लै झाली पण नावावरनं एक बी न्हाई, सगळी रेफ्रीवरनं. आमचा अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपात भारताकडनं खेळला तवा अख्खं गाव टीव्हीपुढं.

एक किस्सा हाय. आमच्यातला एक पुण्याला कॉलेजला गेला, सुट्टीत आला आन कट्ट्यावर म्हणाला “आज सॉकर बघायला जायचं का?” बास. त्या दिवसापासनं त्याचं नाव सॉकऱ्या. पंधरा वर्सं झाली. मागल्या साली लग्नाची पत्रिका द्यायला आला तर आईनं आतनंच विचारलं, कोण, सॉकऱ्या का रं? होणारी बायको शेजारी उभी.

यारा_काठची:
मी मेलबर्न. इथे आले तेव्हा ऑफिसात पहिल्याच सोमवारी विचारलं, तुझी टीम कुठली? मी ऐटीत सांगितलं, बार्सिलोना. सगळे असे गप्प झाले जणू मी कोणाच्या बाराव्याला पेढे वाटले. मग एकीने समजावलं, फुटी गं, फुटी. इथे फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स, क्रिकेटच्या गोलाकार मैदानावर अठरा-अठरा माणसं, लांबट बॉल, चार उभे खांब, मधल्या दोनमधून लाथ मारून घातला तर सहा पॉइंट आणि बाजूच्या खांबातून गेला तर एक, म्हणजे चुकल्याबद्दलही पॉइंट मिळतो, मला हे फार आवडलं, शाळेत गणिताला असं असतं तर.

आणि हे लोक नाव सोडत नाहीत त्याला कारण आहे. यांचे नियम १८५९ ला लिहिले गेले, क्रिकेटर टॉम विल्स वगैरे मंडळी त्यात होती, आणि लंडनची फुटबॉल असोसिएशन झाली १८६३ ला. माझा बॉस हे वाक्य वर्षातून किमान चारदा बोलतो. आम्ही आधी नियम लिहिले, ते नंतर आले, आणि आता आम्हालाच सांगतात तुमचा फुटबॉल नाही म्हणून.

पण थांबा. तीन वर्षांनी नवऱ्याची बदली सिडनीला झाली. मी आता शहाणी झालेली, नव्या ऑफिसात पहिल्याच दिवशी फुटीचा विषय काढला आणि माझ्या टीमचं नाव घेतलं. परत तीच शांतता! सिडनीत फुटी म्हणजे रग्बी लीग. तो वेगळाच खेळ, वेगळाच बॉल. देश एक, शब्द एक. लोकांनी त्याला गमतीत बारासी लाइन असं नावही ठेवलंय, नकाशावर तिरकी रेघ, एका बाजूला यांची फुटी, दुसऱ्या बाजूला त्यांची. आणि गोल बॉलवाल्यांनी २००५ मध्ये स्वतःच्या संघटनेच्या नावात सॉकर काढून फुटबॉल घातलं, त्यावरही लोक चिडले होते म्हणे, पण टीमला अजूनही सॉकरूझच म्हणतात. आता मी परत मेलबर्नला आहे, ऑफिसच्या टिपिंगमध्ये (कोण जिंकणार ते आधी ओळखायची स्पर्धा) जर्सीचा रंग बघून टीम निवडते आणि दोनदा जिंकलेय, बॉस माझ्याशी नीट बोलत नाही.

अर्धवट_पुणेकर:
चुकल्याबद्दल पॉइंट 😂 आमच्या सोसायटीच्या मीटिंगला हा नियम लावा.

बाकी मुद्दा सोपा आहे. ज्यात पाय वापरतात तो फुटबॉल. अमेरिकन लोक अंडं हातात घेऊन पळतात. विषय संपला.

टचडाऊन_तात्या:
@अर्धवट_पुणेकर विषय नाही संपला. धागाकर्त्याच्या घरापासून फार लांब नाही असं सांगतो, न्यू ब्रन्सविकला ६ नोव्हेंबर १८६९ ला रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांची मॅच झाली, एका बाजूला पंचवीस माणसं, गोल बॉल, हातात घेऊन पळायचं नाही. रटगर्स ६-४ ने जिंकलं. अमेरिकेतले लोक हीच आपल्या फुटबॉलची पहिली मॅच मानतात आणि ती बघितलीत तर तुमच्या खेळाच्याच जास्त जवळची वाटेल. पुढे हार्वर्डवाले रग्बीकडे वळले, मग येलच्या वॉल्टर कॅम्पने १८८० च्या सुमाराला नियम बदलत नेले, समोर बॉल फेकायची परवानगी तर १९०६ ला मिळाली. म्हणजे खेळ हळूहळू बदलला, नाव तेच राहिलं. आपल्या आळीचं नाव गवळी आळी असतं, आता तिथे एक तरी म्हैस आहे का? म्हणून काय नाव बदलता?

मी तीस वर्षं ओहायोत आहे. सुरुवातीला मीही हसायचो. मग मुलगा हायस्कूलच्या टीममध्ये गेला आणि शुक्रवारी रात्री लाइटखाली अख्खं गाव येऊन बसायचं, थंडीत, थर्मासमध्ये चहा घेऊन, त्यात पोस्टमनपण आणि डॉक्टरपण. पोराचं काम काय तर लाथ मारायचं. किकर होता. अख्ख्या मॅचमध्ये पाच-सहा वेळा आत जायचा. आई फोनवर विचारायची खेळतो का रे नीट, मी सांगायचो हो, पायाने खेळतो. तिचं समाधान व्हायचं.

आणखी एक. इथल्या गोल बॉलवाल्या संघटनेच्या नावात १९१३ ला फुटबॉलच होतं, सॉकर नव्हतंच. १९४५ ला सॉकर फुटबॉल असं दोन्ही घातलं, १९७४ ला फुटबॉल काढलं. म्हणजे साठ वर्षं तेही ओढाताणच करत होते.

थेम्सकाठी:
तात्यांच्या पुढे जाऊन सांगते, सॉकर हा शब्द अमेरिकन नाहीच. तो इथला. मी लंडनमध्ये, आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, ऐंशीच्या पुढचे, दर शनिवारी रेडिओ लावून बागेत. माझा भाचा बॉस्टनहून आला होता, त्याने कुंपणावरून विचारलं, सॉकर ऐकताय का? माझ्या पोटात गोळा, कारण आदल्याच दिवशी पबमध्ये याच शब्दावरून एका टेबलाने त्याला पार सोलून काढलं होतं. आजोबा म्हणाले, हो, सॉकरच, आमच्या लहानपणी सर्रास म्हणायचे, आता हे पोरटे अमेरिकन अमेरिकन म्हणून ओरडतात.

लंडनच्या त्या असोसिएशनच्या नियमांचा गोल बॉलवाला खेळ तो असोसिएशन फुटबॉल, त्यातल्या असोसिएशनच्या इंग्रजी स्पेलिंगमधला ‘सॉक’ उचलून त्याला ‘र’ लावला, ऑक्सफर्डच्या मुलांची तेव्हाची बोलायची तऱ्हा, रग्बीचं रगर केलं तसं. आपण नाही का बाळासाहेबांचा बाळ्या करतो.

आणि १८६३ चं भांडण तर अफाट आहे. सगळे क्लब नियम ठरवायला फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये जमले. ब्लॅकहीथ क्लबवाले उठून गेले. कशासाठी? मला इतकी वर्षं वाटायचं बॉल हातात घेऊ देत नाहीत म्हणून. तेही होतंच, पण अडून बसले ते समोरच्याच्या नडगीवर लाथ मारायची मुभा काढू नका म्हणून! मग त्या बाजूने १८७१ ला रग्बी फुटबॉल युनियन काढली (फुटबॉल शब्द त्यांच्याही नावात आहे, अजून) आणि तिथे नियम लिहिताना नडगीवर मारणं बंद केलं. म्हणजे ज्याच्यासाठी घर सोडलं तेच नव्या घरात वर्ज्य. भावकी, दुसरं काय.

अर्धवट_पुणेकर:
ठीक आहे. अर्धी माघार. अंडं मात्र अंडंच.

तारवटी_म्हापसा:
आमी गोंयकार, आमचो राज्य खेळच फुटबॉल. मराठीत लिहितो, चुका माफ.

मी अकरा वर्षं क्रूझ जहाजावर बारमध्ये होतो. कॅरिबियन रूट, पाहुणे बहुतेक अमेरिकन, स्टाफ अर्धा गोव्याचा. रविवारी दुपारी एक वयस्क साहेब येऊन बसले, म्हणाले फुटबॉल लाव. मला आनंद. मी लगेच इंग्लंडची मॅच लावली, आवाज वाढवला, मनातून म्हणालो किती चांगला माणूस. पाच मिनिटांनी साहेब म्हणाले फुटबॉल लाव. मी म्हणालो सर, हाच. ते म्हणाले नो नो, फुटबॉल. मी दुसरा चॅनल शोधला, स्पेनची मॅच लागली! साहेबांचा चेहरा लाल. त्यांना वाटलं मी टिंगल करतोय. सुपरवायझरकडे गेले, सुपरवायझरने मला सगळ्यांसमोर झापलं, वर लेखी वॉर्निंग, “पाहुण्याची विनंती तीनदा नाकारली.” मी कुठे नाकारली, मी तर तीनदा मनापासून पूर्ण केली.

रात्री क्रू मेसमध्ये आम्ही सगळे गोंयकार बसलो आणि पुढच्या सीझनसाठी पद्धत ठरवली. कोणी फुटबॉल म्हटलं की आधी विचारायचं, सर, विथ हेल्मेट ऑर विदाउट? एकही तक्रार नाही आली नंतर.

यारा_काठची:
@तारवटी_म्हापसा विथ हेल्मेट ऑर विदाउट 😂😂 हे मी ऑफिसात वापरणार. फुटीवाले हेल्मेट तर सोडाच, बाह्यासुद्धा घालत नाहीत.

केरीतली_सिस्टर:
हे भारतातलं नाही, आयर्लंडमधलं केरी. मी इथे नर्स आहे, मूळ नाशिक. वॉर्डात पहिल्या आठवड्यात एका आजोबांना विचारलं फुटबॉल आवडतो का, तर तासभर बोलले, मला एक शब्द कळेना. गोल बॉल म्हणतात, मग हाताने झेलला म्हणतात, मग बारच्या वरून मारला आणि पॉइंट मिळाला म्हणतात. मला वाटलं औषधाचा परिणाम. मी चार्टमध्ये जवळजवळ लिहिणार होते, गोंधळलेले वाटतात.

मग कळलं, गेलिक फुटबॉल. पंधरा जण, बॉल हातात घेऊन चार पावलं, मग आपटायचा किंवा पायाने परत हातात घ्यायचा, बारखालून जाळ्यात गेला तर गोल म्हणजे तीन पॉइंट. केरीत फुटबॉल म्हणजे हाच, दुसऱ्याला सॉकर म्हणायचं, आणि इथे ते म्हणण्यात अमेरिकेचा काही संबंध नाही.

वर सगळे हसतायत पण इथे हा नावाचा प्रश्न हसण्यावारी नव्हता. १८८४ ला ही जी संघटना झाली, जीएए, ती इंग्रजांच्या खेळांपुढे आपले खेळ टिकावेत म्हणून. कितीतरी वर्षं नियम होता, सॉकर किंवा रग्बी खेळलात, अगदी बघायला गेलात तरी संघटनेतून बाहेर. १९३८ ला तर देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड एका सॉकर मॅचला हजर राहिले म्हणून त्यांना आश्रयदातेपदावरून काढलं. राष्ट्राध्यक्षांना! ती बंदी उठली १९७१ ला. आणि डब्लिनच्या क्रोक पार्कवर सॉकर, रग्बी खेळू द्यायला २००५ साल उजाडलं, प्रत्यक्ष मॅचेस २००७ ला. त्याच मैदानात १९२० ला इंग्रज सरकारच्या माणसांनी फुटबॉल मॅच चालू असताना लोकांवर गोळ्या झाडल्या होत्या, एक खेळाडूही गेला. त्यामुळे २००७ मध्ये इंग्लंडची रग्बी टीम तिथे उतरली आणि त्यांचं राष्ट्रगीत वाजलं तेव्हा टीव्हीसमोर काय वाटलं ते आजोबांनी मला सांगितलं. म्हणाले, मी उभा राहिलो, पण गायलो नाही, टाळ्या वाजवल्या.

आता माझी मुलगी अंडर-ट्वेल्व्हमध्ये खेळते. शनिवारी पावसात उभी असते मी, सँडविचचा डबा घेऊन. फुटबॉलला आलेय असंच सांगते फोनवर आईला.

पेठेतला_गडी:
सिस्टर, अंगावर काटा आला. आमच्याकडं बी स्टेडियमात भांडणं हुत्यात पण हे लै वरचं काम हाय.

तोक्योचा_टोमॅटो:
छोटासा किस्सा. जपानमध्ये बोलताना सगळे साक्काऽ म्हणतात, म्हणजे सॉकरच. पण इथल्या संघटनेचं इंग्रजी नाव जपान फुटबॉल असोसिएशन आणि जपानी नाव निप्पोन साक्का क्योकाइ. एकाच पाटीवर दोन्ही. कोणी भांडत नाही. मी एकदा मुद्दाम विचारलं तर कलीग म्हणाला, प्रश्न काय आहे?

शाळामास्तर_निवृत्त:
आमच्या वेळी मराठीच्या एका सरांनी पदकंदुक म्हणायची सक्ती केली होती. “पदकंदुक आण रे” म्हटलं की शिपाई नारायणपेठी फेटा शोधल्यासारखा गोदामभर फिरायचा. आपल्याकडे खरा फुटबॉल एकच, निवृत्तीवेतनाच्या फाइलीचा. या टेबलावरून त्या टेबलावर. त्यात हात वापरतात का पाय ते मला अजून कळलेलं नाही.

वडापाव_एडिसन:
वाचून दमलो हसून, आणि केरीच्या सिस्टर, तुमचं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

अपडेट देतो. तात्यांची ती १८६९ ची मॅच मी पोराला सांगितली, पंचवीस-पंचवीस माणसं, गोल बॉल, आपल्या घरापासून पंधरा मिनिटांवर. त्याला ती भारी वाटली. रविवारी आजोबा आणि तो दोघं बॅकयार्डात. मध्ये मी जाऊन तपकिरीवालाही आणला होता, गपचूप. आधी गोल बॉल झाला, मग पोराने आजोबांना दुसरा कसा धरायचा ते शिकवलं, बोटं शिवणीवर. बाबांनी फेकला तो सरळ शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे. शेजारी ओरडला, नाइस थ्रो! बाबा खूश. आता दोघंही त्याला नारळच म्हणतात. पोरगं शाळेत पण म्हणतंय, टीचरचा मेल आलाय, कोकोनट म्हणजे काय विचारायला.

पेठेतला_गडी:
टीचरला सांगा, आमच्याकडं मॅचच्या आधी फोडायला नारळ लागतोच.