'पडताळा' की 'पुनरावृत्ती'?

प्रश्न (रत्नागिरी)
कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी मानसशास्त्रावर लिहितोय. एकाने केलेला प्रयोग दुसऱ्यांनी तसाच करून बघणे, याला 'पुनरावृत्ती' लिहिलं तर सरांनी लाल खूण केली. शिवाय 'लोकांचा विश्वास' आणि 'विश्वसनीयता' एकच ना?

देवगडहून
सरांचं बरोबर आहे. पुनरावृत्ती अपघाताचीही होते. निकाल जुळला की नाही ते त्यात कळत नाही. 'पडताळा' घ्या. तो येतो किंवा येत नाही. शाळेत गुणाकाराचा ताळा करायचो ना, त्याच कुळातला वाटतो. 'पडताळणी' मात्र नको, ती म्हटली की दाखल्यांची रांग डोळ्यांपुढे येते.
वापरून दाखवतो: २०१५ साली ब्रायन नोसेक आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा केले. मूळच्या ९७ टक्क्यांत ठळक निष्कर्ष होता, पडताळा आला ३६ टक्क्यांतच. दातांत पेन धरलं की व्यंगचित्र जास्त विनोदी वाटतं, हा १९८८चा प्रयोग २०१६मध्ये १७ प्रयोगशाळांनी केला. पडताळा आला नाही.

कुडाळहून
हे का होतं त्याला आमच्याकडे तयार शब्द आहे. देवळात गाऱ्हाणं घालून कौल लावतात, म्हणजे देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवून त्याला विचारतात: उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी डावीकडची पडली, की आमचे एक काका गाऱ्हाण्याचे शब्द जरा फिरवून पुन्हा लावायला सांगायचे. चौथ्या खेपेला उजवी पडली, की घरी येऊन एवढंच सांगणार, "देवान उजवो कौल दिल्यान." आधीचे तीन डावे कुणाला कळायचेच नाहीत. संशोधकही आकडे असे फिरवून बघतात आणि छापतात तो उजवा तेवढा. लबाडीच असते असं नाही हो, काकांची श्रद्धा खरीच होती.

देवगडहून
म्हणजे 'उजवा मिळेपर्यंत कौल लावणे'. पारिभाषिक कोशात घालायला हवं!

मालवणहून
दुसरा प्रश्न राहिला. विश्वास लोकांच्या मनात असतो, विश्वसनीयता चाचणीच्या अंगात. काकांच्या कौलावर अख्ख्या वाडीचा विश्वास, पण म्हणून तो विश्वसनीय झाला का? त्यातही मानसशास्त्रात 'विश्वसनीय' म्हणजे दर वेळी तेच उत्तर देणारी चाचणी. बाजारातला काटा रोज नेमका पाव किलो जास्त दाखवत असेल तर तो विश्वसनीय, पण वैध (म्हणजे जे मोजायचं ते बरोबर मोजणारा) नाही. कोळंबी घेणाऱ्याला हे समजावू नका, मार खाल. वर्तमानपत्रवाले 'विश्वास' आणि 'विश्वसनीयता' एकाच टोपलीत टाकतात. 'मानसशास्त्रावरचा विश्वास उडाला' लिहिलंत तर ते लोकांबद्दलचं विधान झालं, त्याला लोकांनाच विचारावं लागेल. ३६ टक्के हा आकडा त्याचा पुरावा नव्हे.

रत्नागिरी
'पडताळा' सरांना पसंत. कौलाचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला, हसले आणि खोडला. म्हणाले, पुढच्या महिन्यात गावी शिमग्याला जायचंय मला.